डॉक्टरांचा लांडगा

आमच्या वरच्या मजल्यावरचे डॉक्टर आफ्रिकेला जाऊन आले आणि कुवेतच्या खैतान भागातल्या आमच्या इमारतीतल्या चार-पाच मराठी बिऱ्हाडांचे गुरुवार वाया गेले.

कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवारी. म्हणून गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं, पत्ते खेळायचे, सुट्टीवरून परतलेल्या माणसाच्या बॅगेतून निघालेली भाकरवडी सगळ्यांनी मिळून संपवायची, अशी आमची रीत होती. डॉक्टर परतले ते दोनशे स्लाइड घेऊन. त्यानंतर पत्ते बंद झाले. भिंतीवर पांढरी चादर लावायची, दिवे घालवायचे, आणि डॉक्टरांनी हातात छडी घेऊन एकेक जनावर समजावून सांगायचं. त्यांची बायको कोपऱ्यात प्रोजेक्टरजवळ बसायची. डॉक्टर "हं" म्हणाले की ती कळ दाबायची. मी तिला ताई म्हणायचे. दीड-दोन तासांत ताईच्या तोंडून एक शब्द निघत नसे.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. हाडांचे डॉक्टर, मूळचे पुण्याचे. इमारतीत कुणाचा पाय मुरगळला की लुंगीवर धावत खाली यायचे आणि पैशाचं नाव काढायचे नाहीत. फक्त त्यांना सगळं माहीत असायचं, आणि ते आपल्यालाही माहीत व्हावं अशी त्यांची तळमळ असायची.

तिसऱ्या गुरुवारी पुन्हा सिंहाची स्लाइड आली. या स्लाइडवर डॉक्टर नेहमी दहा मिनिटं थांबायचे. भिंतीवर पिवळं गवत दिसायचं, आणि गवतात एक तपकिरी डाग.

"दिसला?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळे म्हणाले, दिसला. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि दिवसभर हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे. दिसतं काय आणि दिसल्यासारखं वाटतं काय, यातला फरक ओळखण्याचा मला पगार मिळत होता.

"मला नाही दिसला," मी म्हणाले.

अंधारात माझ्या नवऱ्याने मला कोपराने ढोसलं.

"नजर लागते त्याला, वहिनी," डॉक्टर म्हणाले. "आता इथे कुवेतमध्ये राहून ती कशी तयार होणार? इथे आहे काय बघायला? वाळू."

मला खरं तर वाळूचं काही प्रेम नव्हतं. पण "इथे आहे काय" हे मला झोंबलं. "आहे की पुष्कळ," मी म्हणून गेले. "पुढच्या शुक्रवारी चला. आम्ही दाखवतो तुम्हाला कुवेतची सफारी."

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय दाखवणार आहेस? पाण्याची टाकी?" तो मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर होता. त्याने कुवेतमध्ये पाहिलेली जनावरं म्हणजे कॅन्टीनच्या मागची मांजरं. मी तर तेवढीही पाहिली नव्हती.

शनिवारी कामावर गेल्या गेल्या मी हज्जींना गाठलं. हज्जी आमच्या हॉस्पिटलच्या फाटकावर बसायचे. वाळवंटातल्या बदू टोळ्यांपैकी एकीतले साठीचे गृहस्थ, चेहरा वाळलेल्या खारकेसारखा, आणि पांढरा कोट घातलेल्या प्रत्येक बाईला 'दुख्तोरा' म्हणायची सवय. मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना दोन वर्षं सांगत होते. हॉस्पिटलात हिंदी बोलणारे इतके होते की हज्जींना कामापुरती हिंदी येत होती, आणि रक्त काढताना लागतं तेवढं अरबी मला येत होतं. आमचं चांगलं जमायचं. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. भिंतीवरच्या डागासकट.

हज्जी विचार करून म्हणाले, "मार्च आहे. वाळवंट हिरवं आहे. पक्षी दिसतील. नशीब असलं तर कोल्हा."

"लांडगा?"

"लांडगा माझ्या वडिलांनी पाहिला होता. मी नाही."

त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचा फरवा टाकलेला होता. आतून मेंढीचं लोकरीचं कातडं लावलेला जाडजूड, लांब, तपकिरी कोट. बदू लोक तो थंडीत घालतात, आणि हज्जी उन्हाळा अगदी डोक्यावर येईपर्यंत सोडायचे नाहीत. कडेने लोकर बाहेर आली होती. मी त्या कोटाकडे बघत राहिले. हज्जी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते इतके हसले की फाटकात शिरणाऱ्या रुग्णवाहिकेने दोनदा हॉर्न दिला तरी त्यांनी अडसर उचलला नाही.

शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो. पुढे हज्जींची वनेट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, आणि मागे आमची जुनी मोटार. डॉक्टर आफ्रिकेचा पोशाख चढवून आले होते. खाकी शर्ट, रुंद कडांची टोपी, गळ्यात दुर्बीण, खांद्यावर हातभर लांब भिंगाचा कॅमेरा. खिशात एक वहीसुद्धा होती. दिसलेलं प्रत्येक जनावर तिच्यात लिहायचं असतं, म्हणाले. ताई साध्या सुती साडीत होती, पायात कॅनव्हासचे बूट, आणि हातात चहाचा थर्मास. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती.

जहरा गावाच्या पुढे हज्जींनी डांबरी रस्ता सोडला. आणि मी कबूल केलं पाहिजे की मी गाडीची काच खाली करून बाहेर बघतच राहिले. चार वर्षं मी ज्याला वाळू म्हणत होते तिच्यावर हिरवट झुडपं पसरली होती, त्यांना पिवळी फुलं आली होती, आणि मधूनमधून करंगळीएवढी जांभळी फुलं जमिनीला चिकटून उगवली होती. मी ही जागा आधीपासून माहीत असल्यासारखा चेहरा केला.

पहिले उंट दिसले. डॉक्टरांनी वही काढली नाही. "पाळीव," ते म्हणाले. मग एक चंडोल उडाला, तो त्यांनी लिहिला. थोड्या वेळाने हज्जी गाडीतून उतरले, एका बिळाजवळ बोट दाखवून म्हणाले, "धब्ब."

डॉक्टरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "अस्वल म्हणतायत," ते हळूच म्हणाले. अरबीत अस्वलाला 'दुब्ब' म्हणतात, हे त्यांना कुठूनतरी ठाऊक होतं. बीळ वीतभर रुंदीचं होतं. माझा नवरा म्हणाला, "लहान असेल."

हज्जींनी बिळात कोपरापर्यंत हात घातला आणि घोरपडीसारखं एक जाडं जनावर शेपटी धरून बाहेर काढलं. शेपटीवर काट्यांची वर्तुळं, चेहरा एखाद्या चिडलेल्या हेडक्लार्कचा. हज्जींनी सांगितलं की हा पाला खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. एवढं सांगून त्यांनी तो सरळ माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. नवऱ्याने तो घेतला, आणि त्याच वेगाने सोडला. धब्ब काही क्षण त्याच्या बुटावर बसून राहिला, मग बिळात गेला.

"शाकाहारी आहे म्हणजे आपल्यातलाच," ताई म्हणाली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं वाक्य.

दहाच्या सुमारास आम्ही एका उंचवट्याच्या अलीकडे थांबलो. हज्जी म्हणाले, "तुम्ही चहा घ्या. मी पुढे जाऊन बघून येतो." ते फरवा पांघरून उंचवट्यापलीकडे गेले आणि दहा मिनिटांनी पळत परत आले. साठीच्या माणसाने एवढं चांगलं पळून दाखवायची गरज नव्हती, पण हज्जींना आता खेळाची गोडी लागली होती.

"धीब," ते धापा टाकत म्हणाले. "लांडगा. झोपलाय."

या शब्दाबद्दल डॉक्टरांना शंका आली नाही. त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी कुणी बोलायचं नाही असं सांगितलं, चिमूटभर वाळू हवेत सोडून वाऱ्याची दिशा पाहिली, आणि म्हणाले की आपला वास त्याच्याकडे जातोय, आपल्याला वळसा घ्यावा लागेल. मग आम्ही चार माणसं आणि हज्जी, असे रांगेने पाऊण मैलाचा वळसा घालून गेलो. उंचवट्यावर पोहोचलो तेव्हा डॉक्टर पोटावर आडवे झाले. आम्हीही झालो. समोर दीडशे-दोनशे पावलांवर, पिवळ्या फुलांच्या झुडपाखाली, तपकिरी काहीतरी वेटोळं करून पडलं होतं. कडेची लोकर वाऱ्याने हलत होती.

खरं सांगते, मी जर तो कट केला नसता तर मलाही लांडगाच वाटला असता.

"नर आहे," डॉक्टर कुजबुजले.

माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. त्याने तोंड बाहीत खुपसलं आणि हसू खोकल्यात बदललं. डॉक्टर वळून बारीक आवाजात म्हणाले, "धूळ बाधलीये तुम्हाला. घरी गेल्यावर औषध देतो." मग ते कॅमेऱ्याकडे वळले. एक फोटो काढला. दोन हात पुढे सरपटले. आणखी काढले. उभा, आडवा, झुडपासकट, झुडपाशिवाय. मी मनात मोजत नव्हते, पण कॅमेऱ्याचा आवाज थांबायचं नाव घेईना. शेवटी त्यांनी कळ दाबली आणि काहीच झालं नाही. रीळ संपलं होतं. बरोबर दुसरं आणलंच नव्हतं, कारण कुवेतमध्ये बघायला आहे काय.

डॉक्टर परत सरपटत आमच्यापर्यंत आले. कपाळाला वाळू, डोळ्यांत पाणी. "इतक्या जवळून," ते म्हणाले, "आफ्रिकेतसुद्धा नाही."

त्या वेळी मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

आणि तेवढ्यात ताईने माझ्या मनगटावर हात ठेवला. ती लांडग्याकडे बघतच नव्हती. ती आमच्या उजव्या हाताला, खाली, एका मातीच्या कड्याकडे बघत होती.

"तिकडे नाही," ती अगदी हळू म्हणाली. "इकडे बघा."

मातीच्या कड्यात एक बीळ होतं, आणि बिळाच्या तोंडाशी एक कोल्हीण बसली होती. वाळूच्याच रंगाची, एवढ्याशा अंगाला न शोभणारे मोठे कान. ती आमच्याकडे पाहत होती. आम्ही हललो नाही. बऱ्याच वेळाने तिने मान फिरवली, आणि बिळातून एक पिल्लू बाहेर आलं, मग दुसरं, मग तिसरं. तिसरं दुसऱ्याच्या अंगावर पडलं. दोघांनी एकमेकांचे कान चावले. पहिलं आईच्या शेपटीशी झोंबायला गेलं आणि आईने त्याला पंजाने खाली दाबून ठेवलं, जशी आई एका हाताने मुलाला धरून दुसऱ्या कामाकडे लक्ष देते तशी.

डॉक्टरांचा हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेला आणि थांबला. मग त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. पिल्लांचं नाक ओलं होतं, तेसुद्धा मला दिसलं. मी हज्जींकडे पाहिलं. ही गोष्ट आमच्या कटात नव्हती. हज्जी तोंडावर बोट ठेवून माझ्याइतकेच थक्क होऊन बघत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी माझ्या नवऱ्याला खरोखरच खोकला आला आणि सगळी बिळात गेली.

डॉक्टर परत जाताना वाटेत एक शब्द बोलले नाहीत. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच, असं ताई नंतर म्हणाली. गाड्यांजवळ आल्यावर पुरुष मंडळी सावलीत टेकली. हज्जींनी काटक्या पेटवून त्यांचा काळा, कडक, वेलदोड्याचा चहा ठेवला. ताई आणि मी हात धुवायला पाण्याचा कॅन घेऊन जरा पलीकडे गेलो.

ताईने माझ्या हातावर पाणी घातलं. "हज्जींचा कोट छान आहे," ती म्हणाली. "जाताना अंगात होता. येताना नव्हता."

मी साबणाकडे बघत राहिले.

"कल्पना कुणाची? तुमची की तुमच्या मिस्टरांची?"

"माझी," मी म्हणाले. "ताई, सॉरी."

"कशाला? फोटो चांगले येतील. सिंहापेक्षा नक्कीच चांगले."

"म्हणजे?"

तिने कॅन खाली ठेवला, पदराने हात पुसले आणि आवाज न बदलता सांगितलं, "सिंह नव्हताच तो. वारूळ होतं. ड्रायव्हर म्हणाला, असेल सिंह. यांनी 'असेल'चं 'आहे' केलं."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि खाली बसले. मग तीही बसली. इतके दिवस मी तिला गंभीर बाई समजत होते. ती हसायला लागली तेव्हा तिचा आवाजच येईना, नुसते खांदे हलत होते.

मग तिथेच, पाण्याच्या कॅनशेजारी बसून, ताईने मला आफ्रिकेतला तो दिवस सांगितला. दिवसभर गाडी सिंहामागे धावत होती. डॉक्टर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि ही मागे. जिथे सिंह नाही तिथे थांबायचं नाही, असा हुकूम. पण गाडीचं चाक एका पाणवठ्याजवळ रुतलं, आणि ते काढेपर्यंत तिला अर्धा तास मिळाला. तेव्हा तिने एक जिराफ पाणी पिताना पाहिला. "एवढं उंच जनावर," ती म्हणाली, "पण पाण्यापर्यंत तोंड पोचत नाही. आधी एक पाय बाजूला सरकवला. मग दुसरा. मग पुन्हा उभा राहिला. इकडे तिकडे पाहिलं. नवी नऊवारी नेसलेली मुलगी पाटावर बसताना कसं करते, अगदी तसं." रानडुकरांचं एक कुटुंब शेपट्या ताठ उभ्या करून रांगेत पळत गेलं. शेवटच्या पिल्लाची शेपटी काही केल्या उभी राहत नव्हती. आणि शेणाचा गोळा ढकलत एक भुंगा गाडीच्या चाकाखालून पलीकडे गेला. तो सुखरूप गेला की नाही ते बघायला ती खाली उतरली, म्हणून तिला ओरडा बसला होता.

"हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही," मी म्हणाले.

"कुणी विचारलं नाही. आणि त्याच्या स्लाइड नाहीत."

दुपारी दशम्या खाल्ल्या. हज्जींना चटणी आवडली, पण ते पाणीही खूप प्यायले. निघताना ते "काहीतरी विसरलं" म्हणून उंचवट्यापलीकडे गेले आणि डॉक्टर मोटारीत बसेपर्यंत परत आले नाहीत.

पुढे दोन आठवड्यांनी, गुरुवारी, चादर पुन्हा भिंतीवर लागली. लांडगा आला. फोटो उत्तम होता. पिवळी फुलं, मागे निळं आकाश, आणि झुडपाखाली झोपलेलं लोकरीचं तपकिरी अंग. या वेळी सगळ्यांना खरोखर दिसला. वाहवा झाली. नाशिककडच्या एका इंजिनिअरने मात्र विचारलं, "नक्की लांडगाच का?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "वहिनी होत्या ना. विचारा त्यांना."

"मी त्याला रोज बघते," मी म्हणणार होते. पण कोपऱ्यात प्रोजेक्टरच्या उजेडात मला ताईचे खांदे दिसले. म्हणून मी म्हणाले, "नर होता."

डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली. मग "हं" म्हणण्याऐवजी ते जरा थांबले. त्यांनी छडी खाली ठेवली. "यापुढची स्लाइड नाहीये," ते म्हणाले. "पण त्या दिवशी आम्ही अजून काही पाहिलं. ते हिने पहिल्यांदा पाहिलं. तीच सांगेल."

खोलीत सगळे वळून कोपऱ्याकडे बघायला लागले. ताईने प्रोजेक्टर बंद केला. कुणीतरी दिवा लावायला उठलं, तर ती म्हणाली, राहू दे. आणि अंधारात तिने कोल्हीण सांगितली. पिल्लांची मारामारी सांगितली. मग कुणी न विचारता जिराफ सांगितला, रानडुकरं सांगितली, भुंगा सांगितला. माझा नवरा तिथे हजर होता तरी तोंड उघडं टाकून ऐकत होता. डॉक्टर खुर्चीवर मागे टेकून बसले होते, आणि भुंग्याच्या वेळी म्हणाले, "हो, त्यावरून मी ओरडलो होतो. उगाच ओरडलो."

मला वाटतं त्यांना लांडग्याचं कळलं होतं. कधी ते सांगता येत नाही. पण पुढच्या थंडीत ते एकदा कामासाठी आमच्या हॉस्पिटलात आले. हज्जी फाटकावर फरवा घालून बसले होते. डॉक्टरांनी त्यांच्याशी हात मिळवला, कोटाच्या बाहीवरून हळूच हात फिरवला, आणि अरबीत चौकशी केली, "तब्येत बरी आहे ना?" कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. हज्जींनी मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला, पण नक्की काही ठरलं नाही.

ताई आणि मी मात्र तेव्हापासून शुक्रवारी सकाळी बाहेर पडायला लागलो. पुरुष झोपलेले असायचे. मी गाडी चालवायला शिकले ती यासाठीच. ओहोटी बघून आम्ही खाडीच्या कडेच्या चिखलावर जायचो. हिवाळ्यात तिथे पाण्यात गुलाबी रोहित पक्षी उभे असायचे, आणि चिखलात बोटभर लांबीचे मासे होते, जे पाण्याबाहेर येऊन परांवर चालायचे, भांडायचे, डोळे वटारून एकमेकांवर धावून जायचे. ताईने त्यातल्या दोघांना आमच्या इमारतीतल्या दोन शेजाऱ्यांची नावं दिली होती. ती इथे सांगत नाही.

एकदा आम्ही साड्या खोचून, अनवाणी, घोट्याएवढ्या चिखलात उभ्या असताना रस्त्यावर पोलिसांची गाडी थांबली. एक तरुण पोलीस काठापर्यंत आला. दोन बायका चिखलात रुतल्या आहेत असं त्याला वाटलं असावं. त्याने हाक मारून विचारलं, काय झालं, मदत हवी का.

"काही नाही," ताई आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली. "मासे चालतात, ते बघतोय."

त्याने आमच्याकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं, आणि मग आपल्या चकचकीत बुटांकडे पाहिलं. नंतर त्याने काठावरच्या दगडावर बसून बूट काढले, मोजे घडी करून आत ठेवले, पाटलोण गुडघ्यापर्यंत वर दुमडली, आणि विचारलं, "कुठे?"